पेट्रोल ओतलं, तरी गाडी गप्प

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

जुन्या गाड्यांबद्दल येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. टाकी कोरडी पडली, इंधन आणून ओतलं, आता तरी सुरू व्हायला हवी ना? पण होत नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतले आहेत. पत्रं थोडी छाटली आहेत, अर्थ बदललेला नाही.

प्रश्न : ताई, माझी गाडी कार्ब्युरेटरची, चांगली जुनी. परवा रस्त्यातच पेट्रोल संपलं. मुलाने कॅनमधून दोन लिटर आणून टाकलं. नंतर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून पुन्हा मारला, तर गाडी एकदा भुरभुरली आणि बसली. आता जो तो सांगतोय, पॉइंट बदला, कॉइल बदला, टायमिंग बघा. बदलून टाकू का सगळं?

काहीही बदलू नका. पेट्रोल संपेपर्यंत गाडी नीट चालत होती ना? मग नेमकं त्याच मिनिटाला ठिणगी पाडणारे कॉइल आणि पॉइंट दोन्ही गेले, असं समजायला काही कारण लागतं. ते तुमच्या पत्रात नाही. उलट ‘एकदा भुरभुरली’ हे त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. ठिणगी नसती तर ती भुरभुरलीच नसती.

इंजिनाकडून मागे बघत जाऊ नका, टाकीकडून पुढे चला. टाकीतून पाइप, पाइपातून पंप, पंपातून कार्ब्युरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) बाउल, म्हणजे पेट्रोल साठवायची वाटी, बाउलमधून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र. टाकी कोरडी पडली म्हणजे हा सगळा रस्ता कोरडा पडला. तुम्ही टाकी भरली, रस्ता अजून भरलेला नाही.

तो भरायला वेळ का लागतो, याचा हिशोब करून बघा. जुन्या गाडीतला डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं, कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १००. दहा सेकंद सेल्फ मारला तर पंपाचे जेमतेम सोळा-सतरा ठोके पडले. त्यातही पाइपात हवा आहे. हवा दाबली जाते, ताणली जाते, पेट्रोलसारखी मुकाट्याने पुढे सरकत नाही. पंपाच्या आतल्या झडपाही कोरड्या असल्या की नीट बसत नाहीत. तेव्हा पहिले सात-आठ सेल्फ वाया गेल्यासारखे वाटले तरी त्यात बिघाड काही नाही.

बिघाड आपण तयार करतो, तो सलग सेल्फ मारून. एका वेळी दहा सेकंद, फार तर पंधरा, मग पूर्ण एक मिनिट थांबा. स्टार्टर मोटर थोड्या वेळासाठीच बनवलेली असते, सलग चालवली की तिची गुंडाळी तापते. बॅटरीचंही तेच. भरलेली बॅटरी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जायला लागली की इंजिन फिरतं, पण कॉइलला पुरेसा विजेचा दाब मिळत नाही आणि ठिणगी मलूल होते. मग कोणीतरी प्लग काढून ठिणगी बघतं, ‘करंट कमी आहे’ म्हणतं आणि कॉइल बदलायची यादी सुरू होते. करंट कमी होता हे खरं, पण तो तुम्हीच सेल्फ मारून संपवला होता.

आता कामाला लागा. आधी बॅटरी चार्ज करा. टाकीत निदान पाच लिटर पेट्रोल टाका. दोन लिटर पुरे झालं असेलच असं नाही. टाकीतून वर येणाऱ्या नळीचं तोंड तळाला टेकलेलं नसतं, थोडं वर असतं. त्यात गाडी चढावर किंवा एका अंगाला कललेली असली तर दोन लिटर एका कोपऱ्यात जमतात आणि नळी हवाच ओढत बसते.

मग एक प्लग काढून बघा. कोरडा आणि वासही नाही, तर पेट्रोल पोहोचलेलं नाही. ओला आणि वास भपकन येतो, तर पेट्रोल पोहोचलंय आणि गाडी ओव्हर झालीय, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचलंय. चोक (हवा कमी करणारी झडप) पूर्ण ओढून अ‍ॅक्सिलरेटर पंप करत बसलं की हेच होतं. अशा वेळी चोक आत ढकला, पेडल तळापर्यंत दाबून तसंच धरून ठेवा (पंप करू नका) आणि सेल्फ मारा. हवा जास्त गेली की प्लग वाळतात.

प्लग कोरडा असेल तर पंपाकडे या. बऱ्याच जुन्या पंपांना अंगालाच एक छोटी हाताने दाबायची लीव्हर असते. ती कितीतरी गाडीमालकांना माहीतच नसते आणि तिच्याइतकी सोय दुसरी नाही. लीव्हर हलवून बघा. ओढताना हाताला ताण लागला तर डायफ्रॅम हलतोय, चालू ठेवा. काही वेळाने ताण अचानक गेला आणि लीव्हर सैल पडली, तर बाउल भरला. आत फ्लोट (तरंगणारा तुकडा) वर आला, त्याच्या सुईने रस्ता बंद केला, आता पंपाला काही ओढायला उरलं नाही. पण पहिल्याच झटक्याला लीव्हर सैल असेल, तर बाउल भरलाय असं समजू नका. कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दांड्यावर येऊन थांबलेला असतो आणि डायफ्रॅम आधीच खेचलेला असतो. इंजिन थोडंसं फिरवा, सेल्फचा हलका झटका देऊन किंवा टॉप गिअरमध्ये टाकून सपाट जागी गाडी वीतभर ढकलून. उंचवटा सरकला की लीव्हर जिवंत होते.

लीव्हर नसेल किंवा तिने काम झालं नाही, तर कार्ब्युरेटरला येणारा पाइप काढून त्याचं टोक बाटलीत धरा. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी उडणार नाही, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ठोक्यागणिक पेट्रोलची पिचकारी यायला हवी. आली, तर दोष पुढे आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरलेली असेल किंवा सुई चिकटली असेल. बाउलच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन हलके टोले घातले की अडकलेली सुई बहुतेक वेळा सुटते.

पिचकारी आली नाही, तर पंपाकडे येणारा पाइप काढून थेट स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत बुडवा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता पंपाने उचललं तर पंप निर्दोष, दोष मागच्या अंगाला, टाकी ते पंप यांच्या मधे. इथे जुन्या गाडीत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे रबरी पाइपाची चीर. आपण गळती शोधतो जमिनीवरच्या डागांवरून. पण या भागात पंप ओढत असतो, त्यामुळे चिरेतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉने पाणी ओढून बघा, तसंच. गाडी चालू असताना पाइप पेट्रोलने भरलेला असतो आणि पंपाला ती बारीकशी चीर कशीबशी निभावून नेता येते. एकदा का पाइप रिकामा झाला की कोरड्यावरून पेट्रोल वर खेचणं त्याला जमत नाही. म्हणून चीर महिनोन् महिने जुनी असते आणि कळते मात्र पेट्रोल संपलं त्या दिवशी. पाइप बोटांत धरून वाकवा, विशेषतः क्लिपच्या अगदी कडेला. रबर कडक होऊन वाकवल्यावर बारीक रेघा उघडत असतील, तर तो तुकडा बदला. हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि तोच सगळे शेवटी बघतात.

आता एक ताकीद. पेट्रोलच्या पाइपाला तोंड लावून ओढू नका. आणि एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल ओतायची पद्धत सोडा. इंजिनाने उलटा फटका दिला तर ज्वाळा थेट वर येते आणि वर त्या वेळी हमखास कोणाचं तरी तोंड असतं. बाउल भरायचाच असेल तर त्याच्या हवेच्या नळीतून लहान सिरिंजने थोडं पेट्रोल सोडा, सांडलेलं पुसा, एअर क्लीनर परत बसवा आणि मगच सेल्फ मारा.

प्रश्न : गाडी पेट्रोलची, इंजेक्शनची, पण जुनीच. टाकी कोरडी झाल्यावर सहा लिटर भरले. सेल्फ जोरात फिरतो, गाडी सुरू होत नाही. पूर्वी चावी फिरवली की मागून ‘घूं’ असा आवाज यायचा. आता येतो की नाही हे मी नीट ऐकलेलंच नाही.

मग आधी तेच ऐका, बाकी सगळं नंतर. पंखा, रेडिओ बंद करा, एकाला मागच्या सीटवर बसवा, चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, बहुतेक गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि टाकी मागच्या सीटखाली किंवा डिकीखाली. चावी ऑन केल्यावर तो दोनेक सेकंद चालून थांबतो. इंजिन फिरतंय असा निरोप कंप्युटरला मिळाला नाही की तो पंप बंद करतो, अपघातात पेट्रोल वाहत राहू नये म्हणून.

आवाज येत असेल तर त्या दोन सेकंदांचाच फायदा घ्या. चावी ऑन, आवाज थांबेपर्यंत वाट, चावी ऑफ, थोडा दम, पुन्हा ऑन. असं पाच-सहा वेळा करा आणि मगच सेल्फ मारा. दर वेळी पंप थोडी हवा इंजेक्टरच्या नळीतून पुढे ढकलतो आणि दाब चढतो. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुरू होतात. पहिलं मिनिट मिसिंग मारतील, मारू द्या.

पाचव्या-सहाव्या वेळी आवाज बदलतो का, याकडेही कान द्या. कोरडा पंप भिरभिरतो, वरच्या पट्टीत किंचाळतो. पेट्रोल धरलं की आवाज जड, खालच्या सुरात येतो. किंचाळणं थांबतच नसेल, तर तो अजून हवाच ओढतोय. आणखी पेट्रोल टाका किंवा गाडी सपाट जागी आणा.

आवाजच नसेल तर पंपावर लगेच शिक्का मारू नका. फ्यूज बघा. रिले (पंपाची वीज जोडणारा छोटा स्विच) बघा, शेजारचा तसाच दुसरा रिले काढून त्या जागी लावला की दोन मिनिटांत कळतं. डॅशबोर्डवर चावीचं चित्र किंवा कुलुपाचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडीला चावी ओळखू येत नाहीये आणि पेट्रोलचा इथे काही संबंध नाही. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप तोडणारा एक स्विच असतो, डिकीत किंवा पायाशी. गाडी ढकलताना तो उडाला असेल तर वरचं बटण दाबून परत बसवावा लागतो. हे सगळं ठीक निघालं आणि पंपाच्या वायरच्या जोडापर्यंत १२ व्होल्ट येतायत, तरी पंप मुका असेल, तर मात्र तो गेला.

तो का जातो, हे समजलं की टाकी कोरडी करायची सवय आपोआप सुटते. हा पंप म्हणजे पेट्रोलमध्ये बुडवलेली विजेची मोटर. तिची उष्णता पेट्रोल वाहून नेतं, तिला वंगणही पेट्रोलचंच. कोरडी फिरली की बेअरिंग आणि ब्रश घासतात. नवा पंप हे थोडा वेळ सोसतो. आधीच झिजलेल्या पंपाला शेवटचा धक्का लागायला तेवढं पुरतं. कधी कधी टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलके ठोके घालताना पंप अचानक फिरायला लागतो. त्या वेळी टाळ्या वाजवू नका. झिजलेला ब्रश जागचा हलला, एवढंच झालं. ती गाडी घरी जाईल, पण दुसऱ्या दिवशी कदाचित निघणार नाही.

पंप नीट वाजतोय, तरीही सुरू नाही? मग दाब मोजायला गेज लागेल. जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत साधारण अडीच ते साडेतीन बार दाब असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात मिळेल. पाइप सोडायच्या आधी दाब उतरवावा लागतो, नाहीतर पेट्रोल तोंडावर उडतं. तुमच्याकडे गेज नसेल तर हे काम गॅरेजला द्या. एक गोष्ट मात्र तुम्ही करू शकता. खूप सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, तर पेडल तळाशी दाबून धरा आणि सेल्फ मारा. पुष्कळ गाड्यांचा कंप्युटर त्या वेळी इंजेक्टर बंद ठेवतो आणि आत साचलेलं पेट्रोल उडून जातं.

प्रश्न : जुन्या डिझेल गाडीत नोझलचे नट ढिले करून एअर, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, काढायचो. आता घरी आलेली गाडीही जुनीच, पण त्यानंतरच्या पिढीची, कॉमन रेलची. तिचंही डिझेल संपलंय. तीच पद्धत चालेल का?

नाही. आणि या एका उत्तरासाठी मी अख्खा अंक खर्च करायला तयार आहे.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत नोझल शंभर-दोनशे बारच्या आसपास उघडतं. तिथेही हात लांब ठेवावा लागतो. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं) इंजिन चालू असताना दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो, काहींत दोन हजारांपर्यंत. त्या फवाऱ्यापुढे कातडी म्हणजे कागद. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारशी, आत मात्र डिझेल बोटाच्या उतींमध्ये शिरलेलं असतं आणि तासाभराचा उशीरही बोटावर बेतू शकतो. असं कधी झालं तर ‘बघू संध्याकाळी’ म्हणू नका, थेट रुग्णालयात जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

कॉमन रेलच्या गाडीत काम कमी दाबाच्या बाजूनेच करायचं. टाकीत दहाएक लिटर डिझेल टाका. फिल्टरवर हातपंप किंवा रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी ऑन-ऑफचा वर सांगितलेला खेळ खेळा. काही गाड्यांत एअर काढायची आज्ञा स्कॅनरवरूनच (गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या यंत्रावरून) द्यावी लागते. एवढं करून सुरू झाली नाही तर थांबा. या गाड्यांचा वरच्या दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर जगतो. कोरडा फिरवून त्याचा चुरा केलात, तर तो चुरा रेल आणि इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग एक सुटा भाग बदलून भागत नाही.

तुमच्या त्या जुन्या गाडीसाठी क्रम तुम्हाला ठाऊक आहेच, तरी बाकीच्यांसाठी सांगते. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलकडचे दोन नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा, तिथून डिझेल उडायला लागलं की आवळायचे. बहुतेक वेळा तेवढ्यातच गाडी खडखडत सुरू होते. पुष्कळ जण इथे एकच गोष्ट विसरतात, ती म्हणजे चावी ऑन ठेवायची. रोटरी पंपाला बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) वीज नसली की रस्ता मिटून बसतो आणि माणूस तासभर एअर काढत राहतो. आणि हिटर प्लग (सुरू करताना आतून तापणारा प्लग) असलेल्या इंजिनात सुरू करायचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो नको तेव्हा पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

प्रश्न : ताई, काटा पाव टाकी दाखवत होता. तरी मेकॅनिक म्हणतो पेट्रोल संपलं होतं. तो मला बनवतोय का?

बहुतेक नाही. काटा टाकीतल्या तरंगत्या दांडीवरून चालतो. दांडीच्या टोकाला सरकणारा संपर्क असतो, तो वर्षानुवर्षं त्याच पट्टीवर घासून झिजतो. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं तर तो बुडतो आणि काटा कमी दाखवतो. दांडी वरच अडकली, तर जास्त दाखवतो. तुमचं प्रकरण दांडी अडकल्याचं असावं. मागचा बंपर धरून गाडी हलवा आणि टाकीशी कान लावा, डुचमळलेलं ऐकू येतं की नाही ते कळेल.

पण मेकॅनिकवर विश्वास ठेवायच्या आधी टाकीचं झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर पेट्रोल होतंच, ते येत नव्हतं. पेट्रोल जसं कमी होतं तशी टाकीत हवा आत यायला हवी. झाकणाचं किंवा हवेच्या नळीचं छिद्र बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पंपाला त्या पोकळीशी ओढाताण करावी लागते. थोडा वेळ गाडी चालते, मग अडखळते, बंद पडते. मालक झाकण उघडून पेट्रोल ओततो, गाडी सुरू होते, आणि ‘संपलं होतं’ हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे उपाय पेट्रोलने केलेला नाही, झाकण उघडल्याने झाला. पुढच्या वेळी बंद पडली की नुसतं झाकण उघडा, काही ओतू नका.

प्रश्न : घाईत दुसऱ्याच्या कॅनमधलं ओतलं. पेट्रोलची गाडी सुरू झाली, मिनिटभर मागून पांढरट धूर आला, पुन्हा बंद. आता सुरूच होत नाही.

कॅनमध्ये काय होतं ते आधी शोधा. तळाशी उरलेल्यातला एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. पेट्रोल असेल तर बघता बघता उडून जाईल, जवळपास डाग राहणार नाही. तेलकट डाग तसाच बसून राहिला, तर ते डिझेल आहे. बाकीचं काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसेल. तुमच्या धुरावरून मला डिझेलचा संशय आहे. पाइपात उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू झाली असावी.

आता सेल्फ मारू नका. टाकी रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, प्लग पुसा. हे गॅरेजचं काम आहे, उघड्यावर टाकी सोडायचं नाही. आणि जुनं, कित्येक महिने ठेवलेलं पेट्रोल असेल, तर तेही नको. त्यातला हलका, पेट घेणारा भाग उडून गेलेला असतो, थंड इंजिनाला तोच लागतो.

प्रश्न : ढकलून सुरू केली तर?

साध्या गिअरची, कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि बॅटरीच उतरली असेल, तर खुशाल. ऑटोमॅटिकला उपयोग नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) असलेली गाडी लांबवर ढकलत नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळते. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं, हे स्टिअरिंगवर बसणाऱ्याला आधी सांगून ठेवा. आणि पाइपात पेट्रोलच नसेल, तर किती ढकलणार?

प्रश्न : माझी गाडी शेवटी सुरू झाली. पण वेग घेतला की ओढत नाही, उभी असताना ठीक चालते. पेट्रोल संपल्यानंतरच हे सुरू झालं.

फिल्टर. ओतताना टाकीच्या तळाचा गाळ ढवळला गेला आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसला. उभ्या गाडीला थोडं पेट्रोल पुरतं, वेग घेताना जास्त लागतं, तेव्हा फिल्टर आडवा येतो. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो म्हणून घाबरू नका, कार्ब्युरेटरच्या गाडीत तो तसा दिसतोच. आतल्या कागदाचा रंग बघा. गंजाचा तांबूस किंवा काळा गाळ दिसला तर बदला, फुंकर मारून परत लावू नका. नव्या फिल्टरच्या अंगावर बाण असतो. बाणाचं टोक इंजिनाच्या दिशेला. बदलल्यावर थोडे दिवस चालवून पुन्हा बघा. तो इतक्यात परत तांबूस झाला असेल, तर गंज टाकीतच आहे, आणि टाकी उतरवून धुवावी लागेल.